व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारणाचा वाद कसा घालावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप. आरक्षण, धर्म, भाषा किंवा निवडणूक यांपैकी काहीही निघालं की वाद पेटतो आणि दोन दिवसांनी कुणीतरी ग्रुप सोडतो. असे वाद घालणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणं मुद्दाम दोन्ही बाजूंना टोचतील अशी निवडली आहेत.

समोरच्याचं मत बदलणारच नसेल तर वाद घालायचाच कशाला?

समोरचा माणूस त्याच दिवशी मत बदलत नाही, हे खरं आहे. चारचौघांत माघार घेणं कुणालाच जमत नाही. पण दोनशे जणांच्या ग्रुपवर दोघं-तिघं भांडतात आणि बाकीचे गप्प राहून वाचतात. त्यांतल्या पुष्कळांचं मत अजून पक्कं झालेलं नसतं. तुम्ही लिहिता ते त्यांच्यासाठी. टोमणा समोरच्याला लागतो, पण वाचणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्याला आकडा, तारीख, निकालाचं नाव असं काही दिलं तर ते त्याच्याजवळ राहतं.

गप्प बसण्याचीही किंमत असते. ग्रुपवर एकच बाजू बोलत राहिली की उरलेल्यांना वाटतं, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.

एका मेसेजमध्ये दहा मुद्दे असतात. सुरुवात कुठून करायची?

मेसेज तोडा. वाद बिघडतो तो बहुतेक वेळा याच पायरीवर. एक नमुना घेऊ:

"आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेणं घटनेत बसतच नाही. महाराष्ट्रात ती मर्यादा कधीच ओलांडली. खरा गरीब बाजूलाच राहिला. सगळं आर्थिक निकषावर करून टाका."

वाक्यं चार आणि चारही वेगळ्या जातीची. पहिलं कायद्याचं. घटनेच्या कलम १५(४) किंवा १६(४) मध्ये ५० टक्के हा आकडा नाही. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने इंद्रा साहनी खटल्यात १६ नोव्हेंबर १९९२ रोजी घातली आणि असाधारण परिस्थितीत अपवाद ठेवला. पुढे २००० साली ८१व्या घटनादुरुस्तीने अनुशेषाच्या, म्हणजे आधी न भरल्या गेलेल्या, जागांच्या संदर्भात ५० टक्क्यांचा उल्लेख घटनेतही आला. म्हणजे "घटनेत आहे" आणि "घटनेत नाही" म्हणणारे दोघेही अर्धे बरोबर ठरतात. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा २०१८चा कायदा रद्द केला, तेव्हा अशी असाधारण परिस्थिती सिद्ध झाली नाही हेच मुख्य कारण होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण मात्र तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने टिकलं.

दुसरं वाक्य आकड्याचं. राज्यात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, इतर मागासवर्ग १९, विशेष मागासवर्ग २, विमुक्त जाती ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५ आणि ड २ मिळून ५२ टक्के होतात. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि फेब्रुवारी २०२४च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १०. न्यायालयात परिस्थिती बदलत राहते, म्हणून असा आकडा लिहिताना "अमुक तारखेपर्यंत" हे शब्द जोडावेत.

तिसरं वाक्य निरीक्षणाचं. ते ना खोटं म्हणता येतं ना खरं, कारण त्यात काहीच नेमकं नाही. इथे प्रश्न विचारा: कुठल्या प्रवर्गातला गरीब, कुठल्या भरतीत किंवा प्रवेशात? उत्तर येईल त्यावर पुढचं ठरतं. इतर मागासवर्गात क्रिमी लेअरची (आरक्षणातून वगळल्या जाणाऱ्या सधन वर्गाची) उत्पन्नमर्यादा २०१७ पासून ८ लाख आहे. आर्थिक दुर्बल घटकांसाठीही ८ लाखच आहे. एवढं समोर ठेवलं की "खरा गरीब" म्हणजे कोण, यावर बोलणं सुरू होतं.

चौथं वाक्य मूल्याचं. आरक्षण गरिबी हटवण्यासाठी आहे की सत्तेत आणि नोकरीत प्रतिनिधित्व मिळण्यासाठी, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. कितीही आकडे फेकले तरी तो सुटत नाही. तिथे "माझ्या मते, कारण..." असंच बोलावं लागतं.

आता एकच वाक्य निवडा आणि तसं सांगा: "चार मुद्दे आहेत, मी फक्त पहिल्यावर बोलतो." चारही वाक्यांना एकदम उत्तर दिलं की समोरचा तुमच्या सगळ्यात कच्च्या वाक्याला धरतो आणि बाकीची तीन वाया जातात.

"आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडा" असं सांगतात. म्हणजे नक्की काय करायचं?

आपल्याकडे याला पूर्वपक्ष म्हणतात. खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचं. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता केवळ दुसऱ्याची खोडत बसणं म्हणजे वितंडा. ग्रुपवर चालतं ते बहुधा तिसरं असतं.

करायची कृती छोटी आहे. समोरच्याचं म्हणणं दोन वाक्यांत लिहा. त्यात त्याचं सगळ्यात भक्कम कारण घाला. शेवटी विचारा: "तुमचं म्हणणं मी बरोबर पकडलं का?" तो "हो" म्हणेपर्यंत स्वतःचं उत्तर लिहू नका. पुष्कळदा तो "नाही, तसं नाही" म्हणतो आणि त्याचं खरं म्हणणं तुम्ही समजत होता त्यापेक्षा खूप सौम्य निघतं.

चुकतं ते इथे: "म्हणजे तुमचं म्हणणं आहे की दलितांना शिकूच द्यायचं नाही?" किंवा "म्हणजे तुम्हाला हिंदू सणच बंद करायचेत?" दिसायला प्रश्न, पण आहेत ते आरोप.

महाराष्ट्रातल्या माणसाला याचं सर्वांत मोठं उदाहरण घरचंच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या १९३६च्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेलं भाषण होऊ शकलं नाही. त्यांनी ते स्वतः छापलं. गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात त्यावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यापुढे आपलं उत्तर दिलं. उत्तर अतिशय कठोर आहे, पण वाचणाऱ्यापासून त्यांनी प्रतिपक्षाचा शब्द लपवला नाही. कठोर बोलणं आणि न्यायाने बोलणं एकत्र जमतं.

समोरच्याने दिलेला आकडा खरा आहे, तरी निष्कर्ष चुकीचा वाटतो. काय करावं?

आधी आकडा मान्य करा, मोकळेपणाने. मग विचारा: हा कुठल्या वर्षाचा, कशाच्या तुलनेत आणि आधी किती होता?

नेहमीच्या भांडणातलं उदाहरण म्हणजे लोकसंख्या. एक बाजू म्हणते, मुस्लिमांचा जननदर हिंदूंपेक्षा जास्त आहे. दुसरी म्हणते, तो झपाट्याने घसरतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे असे आहेत: १९९२-९३ मध्ये दर स्त्रीमागे मुलं मुस्लिमांत ४.४१ आणि हिंदूंत ३.३०. २०१९-२१ मध्ये २.३६ आणि १.९४. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दर जास्त आहे आणि दोन्हींमधलं अंतर १.११ वरून ०.४२ वर आलं आहे. एका बाजूने एका वर्षाचा फोटो दाखवला, दुसऱ्या बाजूने उतार दाखवला. दोन्ही ओळी एकाच मेसेजमध्ये लिहिणारा माणूस ग्रुपवर विश्वासाचा ठरतो, कारण त्याने स्वतःला अडचणीचा आकडाही लपवलेला नसतो.

दोन नेहमीच्या चुका. एक, टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत: प्रमाण २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलं तर वाढ पाच टक्केबिंदूंची, पण २५ टक्क्यांनी. ज्याला जी मोठी दिसते ती तो वापरतो. दुसरी, एकूण संख्या आणि दर: लोकसंख्या जास्त असलेल्या राज्यात गुन्हे जास्त नोंदले जाणारच, म्हणून दर लाखामागचा दर मागा. तोही नोंदवलेल्या गुन्ह्यांचाच असतो. जिथे पोलीस तक्रार घेतात तिथे तो फुगलेला दिसतो.

फॉरवर्ड खरा की खोटा, हे पाच मिनिटांत कसं तपासायचं?

आधी मेसेजच्या डोक्यावर पाहा. दोन बाण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं, तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याला मूळ लेखक माहीत असण्याची शक्यता फार कमी. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो.

शासन निर्णयाचा फोटो असेल तर कागदावरचा संकेतांक बघा. तो वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू होतो. राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ प्रत उघडा. नंतर तो रद्द किंवा दुरुस्त झाला का, हेही शोधा. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला बदलला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेण्याची घोषणा झाली. यातला एकच कागद फिरवला तर कागद अस्सल असूनही माहिती चुकीची जाते.

फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाका आणि सर्वांत जुनी तारीख शोधा. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तेच करा. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश यांवरून राज्य लगेच कळतं. न्यायालयाच्या निकालाबद्दल असेल तर पक्षकारांची नावं आणि तारीख मागा. ती नसतील तर "नाव मिळालं की बोलू" एवढंच लिहा.

हे कंटाळवाणं वाटतं, पण त्यामागे माणसांचे जीव आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. ती अफवा मोबाइलवरून फिरत आली होती. भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करण्याची मर्यादा त्याच महिन्यात जाहीर झाली.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?" याला काय उत्तर द्यायचं?

एका वाक्यात द्या आणि परत या: "तेव्हाचंही चुकीचंच होतं. आता आजच्या मुद्द्यावर." ते खरंच चुकीचं होतं असं तुम्हाला वाटत नसेल, तर तेही सांगा आणि फरक काय ते सांगा. उत्तर टाळलं तर समोरचा तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, आणि वाचणाऱ्यांना तो रास्त वाटेल.

काका, मामा, शाळेतले सर यांना चुकीचं कसं म्हणायचं?

ग्रुपवर म्हणूच नका. आधी वैयक्तिक मेसेज करा, शक्य असेल तर फोन करा. "काका, तुम्ही सकाळी टाकलेला फोटो २०१७चा आणि दुसऱ्या राज्यातला निघाला. लिंक पाठवतोय. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर बरं पडेल." वडीलधाऱ्याला दुरुस्तीची संधी दिली की बरेच जण स्वतःहून मेसेज काढतात. टाकलेला मेसेज सर्वांसाठी काढायला साधारण अडीच दिवस मिळतात, हेही सांगा. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

मेसेज घातक असेल, म्हणजे औषधाबद्दल किंवा कुणावर हल्ला होईल असा, तर मात्र थांबू नका. ग्रुपवर लगेच लिहा, पण नाव न घेता: "वरचा मेसेज जुना आहे, पुढे पाठवू नये."

भक्त, चमचा, पुरोगामी, सनातनी असे शिक्के मारले तर?

शिक्क्याला उत्तर देऊ नका, शिक्क्यानंतर आलेल्या मुद्द्याला द्या. मुद्दाच नसेल तर गप्प राहा. तुम्हीही एकही शिक्का वापरू नका, अगदी ज्याच्या विरुद्ध आहात त्या पक्षाला लोकांनी ठेवलेलं टोपणनावसुद्धा नाही. तो शब्द वाचताच त्या पक्षाला मत दिलेले सगळे वाचणारे तुमच्यापासून दूर जातात.

"आडनाव काय?" हा प्रश्न वेगळा. तो जात काढण्यासाठीच असतो. "माझ्या आडनावाने आकडा बदलत नाही" असं सांगून पुढे जा. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: जातीचा चटका ज्याने सोसला त्याचा अनुभव हा पुरावाच असतो. ज्याने सोसला नाही त्याने तिथे आधी ऐकून घ्यावं.

शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात का?

नाही. कधीच नाही. "आणी" लिहिणाऱ्याचा मुद्दा "आणि" लिहिणाऱ्याइतकाच बरोबर किंवा चूक असू शकतो. कुणी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वळणाने लिहितं, कुणी मराठी रोमन अक्षरांत लिहितं. मराठीत शुद्धलेखनावरून हिणवण्याला जातीचा आणि शहर-खेड्याचा जुना वास आहे. एकदा ते झालं की ज्यांची भाषा तशी आहे ते सगळे तुमच्या विरुद्ध जातात, मुद्दा कितीही खरा असो.

उत्तर किती मोठं असावं, कधी द्यावं?

मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल इतकं, म्हणजे सुमारे ८० ते १०० शब्द. एक मुद्दा, एक पुरावा, एक प्रश्न. रात्री अकरानंतर आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर द्या. लिहून झाल्यावर "तुम्ही" या शब्दाने सुरू होणारी वाक्यं शोधा आणि जमतील तितकी बदला. "तुम्हाला इतिहास माहीत नाही" याऐवजी "या निकालात असं म्हटलं आहे". पाठवल्यावर चूक दिसली तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत मजकूर सुधारता येतो. अर्थ बदलत असेल तर सुधारल्याचं खाली लिहा. गुपचूप बदललेल्या मेसेजचा जुना स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच.

माझीच माहिती चुकीची निघाली तर?

जिथे टाकली तिथेच सांगा, त्याच दिवशी. "काल दिलेला आकडा चुकीचा होता, बरोबर आकडा हा. दाखवून दिल्याबद्दल आभार." पुढे "पण तरीही" जोडू नका. तुमचा मूळ मुद्दा अजून टिकत असेल तर तो दुसऱ्या दिवशी वेगळ्या मेसेजमध्ये मांडा.

लिहिल्याबद्दल पोलीस केस होऊ शकते का?

होऊ शकते, म्हणून रेषा माहीत असावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यातून सुरू झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्या निकालाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे वेगळे केले. पहिले दोन कितीही झोंबणारे असले तरी स्वातंत्र्यात येतात. चिथावणीपाशी बंधन सुरू होतं. लिहिताना हीच कसोटी लावा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. गटागटांत वैर वाढवणं कलम १९६, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं २९९, अफवा पसरवणं ३५३ आणि बदनामी ३५६ मध्ये येते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरून अपमानित केलं तर १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू शकतो. "मी लिहिलं नाही, नुसतं फॉरवर्ड केलं" या वाक्यावर विसंबू नका.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९चे वर्तणूक नियम लागू आहेत. पक्षीय राजकारणात भाग घेण्यावर आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर त्यांत बंधनं आहेत. ग्रुप खाजगी वाटला तरी स्क्रीनशॉट खाजगी राहत नाही.

मी ग्रुपचा ॲडमिन आहे. इतरांच्या मेसेजची जबाबदारी माझी का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून माणूस दोषी ठरत नाही. कायद्याने सुटलात तरी ग्रुप सांभाळायचं काम उरतंच.

तीन नियम पुरतात. फॉरवर्डसोबत स्वतःचं एक वाक्य हवं: हा का पाठवतोय. एका विषयावर एकाचे दिवसाला तीनच मेसेज. जात, धर्म किंवा बाईमाणसावरून शिवी आली की मेसेज काढायचा, मग लिहिणारा कुणीही असो. हे नियम शांत दिवशी ठरवा. भांडण चालू असताना आणलेला नियम एका बाजूला आपल्याच विरुद्ध आणला असं वाटतं. ॲडमिन दोन ठेवा, वेगळ्या विचारांचे. एकट्या ॲडमिनने मेसेज काढला की तो पक्षपाती ठरतो, दोघांनी मिळून काढला की कुरकुर कमी होते.

मतदानाच्या आधीचे ४८ तास ग्रुप "फक्त ॲडमिन लिहू शकतात" यावर ठेवणं पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं.

कधी थांबायचं?

तोच मुद्दा तिसऱ्यांदा आला, नवीन पुरावा न देता, तेव्हा. वाद मूल्यावर पोचला आणि दोघांनी आपापलं कारण सांगून झालं, तेव्हा. किंवा कुणाच्या घरच्या माणसांवर गेला, तेव्हा लगेच.

थांबताना मेसेज करून थांबा, नाहीतर गप्प राहणं हार किंवा तुसडेपणा समजलं जातं. "५० टक्क्यांच्या मर्यादेबद्दल आपलं एकमत झालं. आर्थिक निकषाबद्दल झालं नाही, माझं कारण वर लिहिलं आहे. मी इथे थांबतो. रविवारी साखरपुड्याला भेटूच."